घर मुलाच्या नावावर, बुजुर्ग सभेच्या दाराबाहेर

आमचे खालू एका उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचा थोरला मुलगा दम्मामला नोकरीला आहे. त्याने काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात फ्लॅट घेतला आणि अब्बू-अम्मींना तिथे राहायला आणले. जागा खरंच चांगली आहे. लिफ्ट मोठी, बाथरूममध्ये धरायला दांडे, खाली जेवणाची मेस आणि रात्रभर एक नर्स हजर. खालाजानला शुगर, खालूंना दमा. त्यामुळे घर पाहताना मुलाने सगळ्यात आधी नर्सचीच चौकशी केली होती.

मागच्या सप्टेंबरमध्ये नोटीस बोर्डावर कागद लागला. वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि विषयपत्रिकेत एक विषय असा: वैद्यकीय सेवेच्या खर्चाचा फेरविचार. खालूंनी वहीत चार मुद्दे लिहिले, इस्त्रीचा कुर्ता घातला आणि दहा मिनिटे आधी सभागृहाच्या दारात पोहोचले. दारात टेबल, टेबलावर हजेरीपट.

"काका, फ्लॅट कोणाच्या नावावर?"

"मुलाच्या."

"मग तुम्हाला आत बसता येणार नाही. सभा फक्त सभासदांची आहे."

खालूंनी पिशवीतून मुलाने करून दिलेले मुखत्यारपत्र काढले. स्टॅम्प पेपरवरचे, नोटरीचा शिक्का असलेले. टेबलावरच्या गृहस्थांनी ते वाचले आणि नम्रपणे परत दिले. म्हणाले, "हे बँकेत चालेल, इथे नाही." खालू घरी आले. पुढच्या महिन्यापासून रात्रीची नर्स बंद झाली.

हे सगळे फोनवर ऐकले तेव्हा आमचा पहिला समज हाच झाला की म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम अडवले. तसे बोलूनही गेलो. मग त्या संस्थेचे उपविधी मागवून घेतले, सहकार कायद्याची प्रत काढली आणि दोन रविवार त्यात घालवले. वाचून झाल्यावर कबूल करावे लागले की दारातला माणूस नियमाने बरोबर होता. चूक आमच्या घरातल्या कागदांची होती. अशी चूक आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांत असणार, म्हणून हा लेख.

राहणारा वेगळा, सभासद वेगळा

सहकारी गृहनिर्माण संस्था ही तिथे राहणाऱ्यांची संस्था आहे असे आपण धरून चालतो. कायद्याच्या नजरेत ती सभासदांची संस्था आहे. ज्याचे नाव भाग दाखल्यावर म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर आणि सभासदांच्या नोंदवहीत आहे, तो सभासद. तो दम्मामला असो की शिकागोला, सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क त्याचा. रोज लिफ्ट वापरणारे, मेसमध्ये जेवणारे, मेंटेनन्सचा चेक नेऊन देणारे त्याचे आई-वडील हे त्या घरात राहणारे लोक, एवढेच.

साध्या सोसायटीत ही गोष्ट फारशी टोचत नाही, कारण तिथे बहुतेक मालक स्वतःच राहतात. ज्येष्ठांच्या संकुलात मात्र उलटे होते. पैसे मुलांचे, राहणे आई-बापांचे. म्हणजे ज्यांना नर्स, रॅम्प, अँब्युलन्स, मेसचे जेवण यांची गरज आहे ते दाराबाहेर, आणि ज्यांना दरमहा खर्चाचा आकडा दिसतो त्यांच्या हाती मत. यात कोणाचा वाईट हेतू असावाच लागत नाही.

आता मुखत्यारपत्राचे. आपल्या लोकांचा या कागदावर फार भरवसा. गल्फला जाताना मुलगा वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करतो आणि सगळे निश्चिंत होतात. त्या कागदावर भाडेकरार होईल, बँकेची कामे होतील. पण महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत स्पष्ट लिहिले आहे की प्रतिनिधी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेली व्यक्ती सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेला हजर राहू शकत नाही. खालूंच्या पिशवीतला कागद खोटा नव्हता, तो चुकीच्या दारावर दाखवला गेला.

मग रस्ता कोणता? 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले, कलम 154 ब पासून सुरू होणारे. त्यात सहयोगी सभासदाची व्याख्या आहे. सभासदाचे पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे-भाचे, पुतणी-भाची यांपैकी कोणालाही सभासदाच्या लेखी शिफारशीने आणि संमतीने सहयोगी सभासद करून घेता येते. त्याचे नाव भाग दाखल्यावर येत नाही, घराच्या मालकीत त्याला वाटा मिळत नाही, आणि म्हणून मुद्रांक शुल्काचाही प्रश्न येत नाही. मूळ सभासदाची लेखी पूर्वसंमती असेल तर तो त्याच्या जागी सभेत बसू शकतो, मत देऊ शकतो.

एवढेच होते. संस्थेचा छापील अर्ज, किरकोळ प्रवेश फी आणि मुलाची सही. हे काम घर घेतले त्याच महिन्यात झाले असते. पण घर घेताना आपण फर्निचर, गॅस, केबल, मीटरच्या नावबदलापर्यंत सगळे बघतो. वडिलांना सभेत बसता येईल का, हे कोण विचारतो? आम्हीही विचारले नव्हते, आणि आम्ही तर शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो.

संयुक्त सभासद ही वेगळी गोष्ट आहे, गल्लत नको. घर दोघांच्या नावे घेतले असेल तर दोघेही मालक. सभेत पहिल्या नावाच्या व्यक्तीचे मत धरले जाते, ती गैरहजर असेल तर दुसऱ्या नावाचे. आता नव्याने नाव मालकीत घालायचे म्हणजे दस्त नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आले. फक्त सभेसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

घर बायकोच्या नावे असेल तर

एक प्रसंग तर आमच्याच इमारतीतला. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सवलत दिसल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी घर बेगमच्या नावे घेतले. छान केले. पण सभेला मात्र दर वर्षी साहेबच जातात, हात वर करून मतही देतात, आणि आजवर कोणी विचारले नाही म्हणून चालून गेले. ज्या दिवशी एखादा ठराव एका मताने अडेल आणि कोणीतरी नोंदवही उघडेल, त्या दिवशी ते मत बाद होईल. बेगमनी स्वतः जावे हे सगळ्यात सोपे. त्या बी. एस्सी. झालेल्या आहेत, हिशेबपत्रक नवऱ्यापेक्षा चांगले वाचतील. हे आम्ही त्यांच्या घरी चहा पिताना बोललो, तेव्हा साहेबांनी बिस्किटाची बशी पुढे केली आणि विषय बदलला.

विधवा आईचा प्रश्न याहून नाजूक. वडील वारले, घर त्यांच्या नावावर होते, आई तिथेच राहते. वडिलांनी नामनिर्देशन म्हणजे नॉमिनेशन भरून ठेवले असेल तर त्या आधारावर आईला तात्पुरती सभासद म्हणून दाखल करून घेता येते, वारसांची नावे लागेपर्यंत. नॉमिनेशन भरले नसेल तर वारसाची कागदपत्रे होईपर्यंत ती राहते त्या घराबद्दल संस्थेत बोलणारे कोणीच नसते. इथे एक खुलासा करून ठेवतो, कारण यावरून घराघरांत भांडणे होतात: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा एवढेच नॉमिनेशन ठरवते, वारसांचे हिस्से आपापल्या जागी राहतात.

संकुलात दोन दारे असतात

ज्येष्ठांच्या प्रकल्पात आणखी एक गुंता आहे. इमारत, पाणी, लिफ्ट, रंगकाम हे संस्थेकडे असते, पण मेस, नर्स, साफसफाई, डॉक्टरची फेरी या सेवा पुष्कळदा बिल्डरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या कंपनीकडे असतात. संस्थेच्या सभेत बसून तुम्ही लिफ्टबद्दल बोलू शकता. सेवा देणाऱ्या कंपनीची सभाच नसते, असतो तो करार. तेव्हा घर घेण्याआधी करार वाचावा आणि त्यात सेवा कमी करायची असेल तर कोणाला विचारावे लागेल हे वाक्य शोधावे. ते वाक्य नसेल तर लिहून मागावे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 साली निवृत्ती गृहांसाठी जी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बिल्डर, सेवा देणारा आणि घर घेणारा अशा तिघांच्या एकत्र कराराची कल्पना आहे ती यासाठीच. ती तत्त्वे बंधनकारक कायदा नाहीत, पण बोलणी करताना पुढे ठेवायला उपयोगी आहेत. महारेरानेही 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी किमान निकष घातले. व्हीलचेअर जावी म्हणून दार निदान 900 मिलिमीटर रुंद असावे इथपर्यंत ते निकष जातात. सभेच्या दाराचे माप मात्र अजून कोणी घेतलेले नाही.

काही ठिकाणी घर विकतच नाहीत, मोठी अनामत घेऊन राहायला देतात. तिथे सभासदत्वाचा विषयच नाही. सगळा भरवसा करारावर. आणि जिथे सहकारी संस्था नसून 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची संघटना आहे, तिथे सभेचे नियम घोषणापत्रासोबतच्या उपविधीत असतात. वर जे सांगितले ते तिथे जसेच्या तसे लागू होईल असे समजू नये.

सभासद झालो, पुढे काय?

आता समजा खालू आत जाऊन बसले. तेव्हा काय काय माहीत असावे?

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. तिची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी मिळाली पाहिजे, विशेष सभेची 5 दिवस आधी. नोटीस बोर्डावर लावली एवढ्याने भागत नाही, ती सभासदापर्यंत पोहोचायला हवी. मुलगा परदेशी असेल तर त्याच्या ईमेलवर नोटीस जाते आणि तो नोकरीच्या गडबडीत ती उघडतच नाही, म्हणून संस्थेला पत्र देऊन घरचा पत्ताही नोंदवून ठेवावा.

गणपूर्तीचा नियम वाचून आम्ही जरा दचकलो. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20 यांपैकी जो आकडा कमी असेल तो पुरे. म्हणजे दोनशे घरांच्या संकुलातही वीस माणसे जमली की सभा वैध. आणि तेवढीही जमली नाहीत तर अर्धा तास थांबून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच उरत नाही. आपल्याकडे "अजून कोणी आलं नसेल" म्हणून उशिरा निघणारे जास्त. ते पोहोचतात तेव्हा ठराव मंजूर होऊन चहा चाललेला असतो.

समितीची सभा वेगळी. ती महिन्यातून निदान एकदा होते आणि खरे निर्णय पुष्कळदा तिथेच होतात. त्या सभेत साध्या सभासदाला हक्काने बसता येत नाही. पण त्या सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क त्याला आहे. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, समितीचे इतिवृत्त, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभासदांची यादी आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी, हे सगळे कार्यालयात बसून मोफत पाहता येते. प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज आणि ठरलेली फी. तोंडी मागू नये. तोंडी मागितलेल्या कागदाला "सेक्रेटरी बाहेरगावी आहेत" हे उत्तर ठरलेले असते. दोन प्रतींत अर्ज द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी.

आणि एकट्याचे ऐकत नसतील तर एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी केली की एका महिन्यात विशेष सभा बोलवावी लागते. समितीने टाळले तर निबंधक कार्यालयाकडे जाता येते. दहा सभासदांच्या संस्थेत दोन सह्या पुरतात, शंभरांच्या संस्थेत वीस. ज्येष्ठांच्या संकुलात वीस सह्या जमवणे अवघड नाही, पण त्या सभासदांच्या हव्यात. इथे पुन्हा तोच कागद आडवा येतो.

मुंबई-ठाण्यातल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे दुप्पट ध्यानात घ्यावे. शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयाप्रमाणे पुनर्विकासात विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर असतो आणि सभेचे व्हिडिओ चित्रण होते. तिथे बिगर सभासदाला गर्दीत मिसळून बसता येत नाही. चाळीस वर्षे ज्या घरात राहिलो ते पाडायचे की नाही, हे ठरवणाऱ्या खोलीबाहेर वडील बाकावर बसलेत, हे चित्र कोणत्या मुलाला आवडेल?

बाहेर कसे चालते

निवृत्तांच्या वसाहतींची पद्धत रुजली ती अमेरिकेत. ॲरिझोनातले सन सिटी 1 जानेवारी 1960 रोजी उघडले. कॅलिफोर्नियात 1964 मध्ये लेझर वर्ल्ड नावाची वसाहत सुरू झाली, तिलाच आज लगुना वूड्स व्हिलेज म्हणतात. सुमारे अठरा हजार वस्ती, बहुतेक सगळे ज्येष्ठ. ती इतकी मोठी की 1999 मध्ये तिथे स्वतंत्र शहर म्हणून नगरपालिकाच झाली. तिथेही घरांच्या संस्था वेगळ्या आणि क्लबहाउस, बससेवा सांभाळणारी संस्था वेगळी. म्हणजे आमच्या खालूंच्या संकुलातला गुंता तिथे साठ वर्षांचा जुना आहे.

फरक एका ठिकाणी मोठा आहे. कॅलिफोर्नियात अशा संस्थांना 1985 चा डेव्हिस-स्टर्लिंग कायदा लागू आहे, आणि त्यातल्या तरतुदींप्रमाणे फक्त वार्षिक सभाच नव्हे, संचालक मंडळाच्या सभाही सभासदांसाठी खुल्या असतात. नोटीस आणि विषयपत्रिका चार दिवस आधी द्यावी लागते. सभासदाला मंडळाच्या सभेत बोलू द्यावेच लागते, फक्त वेळेची वाजवी मर्यादा घालता येते. दार बंद करून बसायची मुभा मोजक्या विषयांपुरती: कोर्टातले दावे, बाहेरच्यांशी होणारे करार, नोकरवर्गाचे प्रश्न, सभासदावरची शिस्तीची कारवाई, थकबाकीबद्दल एखाद्या सभासदाशी बोलणे. सभेचे इतिवृत्त, निदान मसुदा, 30 दिवसांत सभासदांना मिळायला हवा. तातडीचा प्रसंग सोडला तर संचालकांनी ईमेलवर परस्पर निर्णय घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि निम्मे निर्णय अंगठ्याच्या चित्रांवर होतात, ही गोष्ट तिथल्या लोकांना सांगितली तर काय म्हणतील कोण जाणे.

पण एक रेष तिथेही आहे. कायदा हक्क देतो तो सभासदाला, म्हणजे मालकाला. मुलाच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या बापाला तो आपोआप मिळत नाही.

आमच्या मते समितीची सभा खुली करण्यासाठी कायदा बदलायची वाट पाहायला नको. सर्वसाधारण सभेने ठरवले तर समिती सभासदांना मागे खुर्च्या टाकून बसू देऊ शकते, आणि ज्येष्ठांच्या संकुलात राहणाऱ्या बिगर सभासदांनाही मताशिवाय, सल्ल्यापुरते बोलावू शकते. दारात अडवणे नियमाला धरून असेल, निर्णय घेण्याआधी ज्याला तो सोसायचा आहे त्याचा मशवरा घेऊ नये असे कोणताही नियम सांगत नाही. सभा तळमजल्यावर घ्यावी, माइक असावा, हिशेब मोठ्या अक्षरात छापावा, मगरिबच्या किंवा औषधाच्या वेळेवर सभा ठेवू नये. यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

खालूंचा मुलगा रमजान ईदच्या सुट्टीत आला तेव्हा आम्ही मुद्दाम पुण्याला गेलो. शीरखुर्मा झाल्यावर टेबल पुसून अर्ज पसरला. मुलाने शिफारस लिहिली, संमतीपत्रावर सही केली, म्हणाला, "अब्बू, पहिल्यांदाच सांगायचं होतं ना." खालू म्हणाले, "तू घराची किल्ली दिलीस तेव्हा वाटलं, सगळंच दिलंस." अर्जावर पोच मिळाली. समितीच्या पुढच्या सभेत नाव मंजूर झाले.

संकुलात अशी एकोणीस घरे निघाली जिथे घर मुलाचे आणि राहणारे आई-बाप. खालूंनी मास्तरकीच्या सवयीने त्यांची यादी केली, प्रत्येकाच्या दारी अर्जाचा नमुना नेऊन दिला. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर कुलकर्णी आहेत, एक रेल्वेतून निवृत्त झालेल्या डिसोझा बाई आहेत. अकरा अर्ज गेले आहेत, बाकीच्यांची मुले अजून सुट्टीवर यायची आहेत. रात्रीच्या नर्सचा विषय यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असे पत्र खालूंनी सचिवांना दिले आहे. पोच घेतलेली आहे.